चिकलठाणा ते मुंबई: २७९ किलोमीटरला सव्वा तास का लागतो?

सेलूची_लेक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सेलूहून लिहितेय, जिल्हा परभणी. आईला (वय ७१) डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला, परळला न्यायचंय. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळालीय. तिला फार वेळ बसवत नाही, मान अवघडते. रात्रीच्या गाडीत तर डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच विमानाचा विचार करतेय.

नेटवर चिकलठाणा (संभाजीनगरचा विमानतळ) ते मुंबई विमानतळ अंतर २७९ किमी दाखवतंय. विमानाचा वेग ताशी आठशेच्या वर असतो म्हणतात. मग वीस मिनिटांत पोचायला हवं. तिकिटावर मात्र १ तास १० मिनिटं लिहिलंय. माझ्या हिशोबात कुठे चुकतंय?

दुसरं असं, की सेलूहून नांदेड शंभरेक किलोमीटर आणि संभाजीनगर एकशे पस्तीस-चाळीस. जवळचा विमानतळ म्हणून नांदेड धरावा का? आणि घराच्या उंबऱ्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत एकूण किती तास धरून चालू? जाणकारांनी सांगावं.

सरकी | सोमवार, रात्री ९:५२

ताई, वीस मिनिटांत संध्याकाळच्या वेळी चिकलठाण्याहून क्रांती चौक येत नाही, तुम्ही मुंबई म्हणायलात! :) थांबा, विमानतळावर काम केलेले एक काका इथे असतात, ते येतील.

गणितवाले_अंबाजोगाई | सोमवार, रात्री १०:१५

अंतराचा आकडा बरोबर आहे. दहावीच्या पोरांनाही जमेल असा हिशोब देतो.

चिकलठाणा साधारण १९.८६ अंश उत्तर, ७५.४० पूर्व. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशात फरक ०.७७ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण ८५ ते ८६ किमी. रेखांशात फरक २.५३ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून वर सरकू तसा आखूड होत जातो, आपल्याकडे तो १०५ किमीच्या आसपास भरतो. म्हणून पूर्व-पश्चिम २६६ किमी. आता पायथागोरस लावा. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर २७९ ते २८०.

लांबच्या प्रवासाला पृथ्वीची गोलाई धरावी लागते, सपाट कागदाचा हिशोब तिथे चालत नाही. एवढ्याशा अंतराला फरक पडत नाही. आणि हे अंतर दोन विमानतळांच्या ठरवून दिलेल्या संदर्भबिंदूंमधलं असतं. तो बिंदू धावपट्टीजवळ असतो, तुमच्या गेटपाशी नव्हे.

वेळेचं मला ठाऊक नाही. तिथे वारा आणि माणसं येतात, माझं गणित संपतं.

मनमाड_जंक्शन | सोमवार, रात्री १०:३१

मास्तर, झकास. आता रेल्वेचं अंतरही लिहून ठेवा. संभाजीनगर ते मनमाड ११३ किमी आणि मनमाड ते मुंबई २६०. एकूण ३७३. म्हणजे आकाशातल्या रेषेपेक्षा जवळजवळ शंभर किलोमीटर जास्त, कारण आपली गाडी आधी वर मनमाडला जाते आणि मग मुंबईकडे वळते. निजामाच्या काळी लाईन टाकली तेव्हा तोंड हैदराबादकडे होतं, मनमाड हे तिचं दुसरं टोक.

नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मनमाडला उतरून गाडी बदलावी लागायची. वडिलांचा हात धरून, डोक्यावर वळकटी घेऊन आम्ही तो पूल ओलांडायचो. पहाटे तीनला फलाटावर चहावाल्याची किटली वाजायची तो आवाज अजून कानात आहे. त्या मानाने सव्वा तास म्हणजे सुखच की हो ताई.

चिकलठाण्याचा_वारा | मंगळवार, सकाळी ७:०५

सरकीने बोलावलं, आलो. बावीस वर्षं विमानतळावर जमिनीवरचं काम केलं (शिडी, सामान, चाकाला लावायचे ठोकळे हे सगळं), आता निवृत्त. ताई, नीट सांगतो.

तिकिटावरची वेळ म्हणजे विमान हवेत असल्याची वेळ नव्हे. चाकाखालचे ठोकळे काढून विमान हललं तिथून, मुंबईत जागेवर थांबून पुन्हा ठोकळे लागले तिथपर्यंतची ती वेळ. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात काय काय येतं बघा.

आपल्याकडे धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिचं नाव ०९/२७, म्हणजे होकायंत्रावर ९० अंश आणि २७० अंश. विमान हललं की टोकापर्यंत रांगत जातं, वळतं, उभं राहतं, मग सुटतं. पश्चिमेकडे उडालं तर नाक मुंबईच्याच दिशेला. वाऱ्यामुळे पूर्वेकडे, जालन्याच्या अंगाला उडावं लागलं तर पुढे वळून परत फिरायचं. तिथेच काही मिनिटं गेली.

नंतर चढण. १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे ताशी ४६० किमीच्या आसपास. तुम्ही म्हणता तो आठशेचा वेग वर गेल्यावर. आणि एवढ्या छोट्या पल्ल्यात वर जाऊन स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायची तयारी सुरू होते. पंख्याचं एटीआर विमान असेल तर त्याचा वेगच मुळात पाचशेच्या घरात.

मग मुंबई. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एका पट्टीवर देशभरातली नि परदेशातली विमानं एकामागून एक. तुमचा नंबर लागेपर्यंत आकाशात घिरट्या. उतरल्यावर पुन्हा दहा-पंधरा मिनिटं रांगणं.

हे सगळं धरून कंपन्या वेळापत्रक आखतात आणि थोडी ढिलाईही ठेवतात, कारण ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत आलं तरच 'वेळेवर' म्हणून मोजतात. हवेतली खरी वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरा.

म्हणूनच दिल्ली बघा. चिकलठाण्याहून सरळ रेषेत ९८० किमी, मुंबईच्या साडेतीनपट. पण वेळ दोन तासांच्या आसपास, दुप्पटही नाही. चढणं, उतरणं, रांगणं यांचा वेळ जवळच्याला नि लांबच्याला जवळपास सारखाच लागतो.

सेलूची_लेक | मंगळवार, सकाळी ८:२०

काका, खूप आभारी आहे. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे एसटीसारखंच की, सुटायला नि स्टँडात शिरायलाच वेळ."

तूरडाळ | मंगळवार, सकाळी ९:११

माईनं एकदम बरुबर सांगितलं बगा! आमच्या लातूरला धावपट्टी हाय, पर नियमित विमान नाई. आम्ही लई वर्सं वाट बगायलो. तवर आपली रात्रीची मुंबई गाडी जिंदाबाद.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ११:४०

नांदेडचं मी सांगतो. सरळ रेषेत नांदेड–मुंबई ४६८ किमी, म्हणजे चिकलठाण्यापेक्षा १८९ किमी जास्त. पण तुम्हाला हवेतल्या अंतराशी घेणं-देणं नाही. आपल्या गावाहून विमान कोणत्या वारी आहे, हा खरा प्रश्न. आमच्या विमानतळावर गावं नि दिवस बदलत राहतात. तारखेला थेट मुंबईचं विमान असेल तर नांदेड उत्तम. विमानतळ छोटा, चालणं कमी, आईंना सोपं. हैदराबादवरून फिरून जायचं सुचवलं तर मात्र अजिबात नको. २४५ किमी उलट दिशेला जाऊन परत यायचं.

अवांतर: छोटी गावं स्वस्तात विमानाने जोडायची सरकारची उडान योजना, तिच्यातली अगदी पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली, त्यात नांदेड–हैदराबाद होतं. त्या योजनेत भाड्याची मर्यादा अंतरावर ठरवलेली, सुमारे तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या पल्ल्याला २,५०० रुपये. आमच्या गल्लीतले एक किराणा दुकानदार निव्वळ बघायला म्हणून जाऊन आले होते. परत आल्यावर आठ दिवस दुकानात तोच विषय.

पैठणची_किनार | मंगळवार, दुपारी १२:०२

गोदाकाठ, अंतरावरून भाडं आणि वेळेवरून भाडं असे दोन्ही प्रकार आपण पाहिले. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीनंतर विमानं सुरू झाली तेव्हा सरकारने उड्डाणाच्या वेळेप्रमाणे सात गट पाडून किमान-कमाल भाडं बांधून दिलं होतं. ४० मिनिटांच्या आतला पहिला गट, २,००० ते ६,००० रुपये. मी तेव्हा पुण्यात अडकले होते. तो तक्ता रोज बघायचे, पण घरी आले शेवटी ट्रॅव्हल्सनेच.

सरकी | मंगळवार, दुपारी १:३०

मी वेगळं सांगतो, रागावू नका. विमान कशाला? जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागा. इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला उघडला, आता घाटाची कटकट नाही. मी बियाण्याच्या कामाला महिन्यातून दोनदा जातो. आईंना मागच्या सीटवर उशी देऊन आडवं करा, पाहिजे तिथे थांबा. विमानात दोन तास आधी जा, रांगेत उभं राहा, बूट काढा, हे म्हाताऱ्या माणसाचे हालच.

चिकलठाण्याचा_वारा | मंगळवार, दुपारी २:१५

सरकी, तुझ्या गाडीला काही म्हणत नाही. पण आमणे म्हणजे परळ नव्हे. भिवंडीपासून पुढे दादर-परळपर्यंत सकाळच्या गर्दीत किती वेळ बसावं लागतं ते तूच सांग. आणि उभं राहायची गरजच नाही. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवायची, निदान दोन दिवस आधी. दारातून थेट विमानाच्या शिडीपर्यंत माणूस नेतो, मुंबईत उतरवून बाहेर आणतो.

ताई, काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो हे पक्कं लक्षात ठेवा. हातातल्या बॅगेला ७ किलो, आत द्यायच्या सामानाला साधारण १५ किलो. तिखट लोणचं हातातल्या बॅगेत अडवतात. माझ्यासमोर कितीतरी आयाबायांनी डोळ्यांत पाणी आणून बरण्या तिथेच ठेवल्यात. बरणी घट्ट बांधून मोठ्या सामानात द्या.

आणि जालना रोडने येत असाल तर शहरात शिरायचंच नाही, विमानतळ अलीकडेच लागतो. रेल्वेने आलात आणि तुमची गाडी मुकुंदवाडीला थांबणारी असेल तर तिथेच उतरा. मुख्य स्टेशनवर उतरलात तर उलटं मागे यावं लागेल.

सरकी | मंगळवार, दुपारी २:२८

भिवंडीचं मान्य. मागच्या खेपेला आमणे ते सायनला दोन तास लागले होते. खुर्चीची सोय मला माहीतच नव्हती. माझ्या आत्याला पाठवायचंय, लिहून ठेवतो.

हिमरू | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

वेळेची अजून एक गंमत. अब्बा-अम्मी हजला चिकलठाण्याहूनच गेले होते. जेद्दा इथून सरळ रेषेत ३,७६५ किमीच्या आसपास. कागदावर सुटायची नि पोचायची वेळ बघून माझा धाकटा भाऊ म्हणाला, "पावणेतीन तासांतच पोचतात!" दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या घड्याळाच्या असतात हे त्याच्या ध्यानात नव्हतं. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. प्रवास सव्वापाच तासांचा निघाला.

अब्बांना मात्र ते मिनिटासकट माहीत हवं होतं. मीकात म्हणजे मक्केभोवतीची ठरलेली हद्द, ती विमान आकाशातच ओलांडतं, आणि त्याआधी एहरामची नियत, म्हणजे हजच्या पवित्र अवस्थेत शिरायचा संकल्प, करावी लागते. घोषणा होते, तरी अब्बांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं होतं. अम्मी सांगते, हद्द जवळ आल्यावर सगळं विमान एका आवाजात तलबिया ('लब्बैक'ची प्रार्थना) म्हणायला लागलं, इंजिनाचा आवाजसुद्धा ऐकू येईना.

गणितवाले_अंबाजोगाई | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

हिमरू, वाचून अंगावर काटा आला. उद्या वर्गात रेखांश आणि प्रमाणवेळ शिकवताना हेच उदाहरण घेतो.

मनमाड_जंक्शन | मंगळवार, रात्री ८:५५

वाराकाका, उन्हाळ्यात विमानाला जास्त धावावं लागतं हे खरं का? मे महिन्यात मला तसं जाणवतं.

चिकलठाण्याचा_वारा | मंगळवार, रात्री ९:२०

खरं आहे. तापलेली हवा विरळ, पंखांना उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. वर आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांवर. बेचाळीस अंशांत दुपारी विमान सुटताना आम्ही नजर लावून बसायचो. आता धावपट्टी २,८३५ मीटर आहे, चिंता नाही.

२६ एप्रिल १९९३ विसरता येत नाही. मुंबईला निघालेलं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला लागलं आणि पुढे कोसळलं. ११८ जण होते, ५५ गेले. मी तेव्हा नोकरीत नव्हतो, कॉलेजात होतो. शहरातली माणसं घाटीत (सरकारी दवाखान्यात) रक्त द्यायला धावली होती. नोकरीला लागल्यावर त्या बाजूच्या कुंपणाकडे बघितल्याशिवाय माझा एक दिवस गेला नाही.

नेत्रसेविका | मंगळवार, रात्री १०:०५

सगळा धागा आत्ता वाचला. सेलूताई, एक विचारायचं राहून गेलंय सगळ्यांचं. आईंचं डोळ्याचं ऑपरेशन नेमकं कसलं? मोतीबिंदू, की पडद्याचं?

सेलूची_लेक | मंगळवार, रात्री १०:२२

पडद्याचं. पडदा सरकलाय म्हणाले. परभणीच्या डॉक्टरांनीच मुंबईचं नाव सुचवलं. जाताना-येताना दोन्हीकडचं विमान बघत होते. चार दिवसांनी परतायचं असं डोक्यात होतं. का हो?

नेत्रसेविका | मंगळवार, रात्री १०:४०

ताई, परतीचं तिकीट काढू नका. आधी हे वाचा.

मी पडद्याच्या विभागात अकरा वर्षं काम करतेय. सरकलेला पडदा जागेवर बसवल्यावर तो दाबून धरायला पुष्कळदा डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. काही जणांना गॅसऐवजी सिलिकॉनचं तेल भरतात. गॅस असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. कडक मनाई. प्रवास वीस मिनिटांचा असो की दोन तासांचा.

कारण असं. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा ठेवत नाहीत, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तेवढाच ठेवतात. दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो, डोळ्याच्या आतला ताण एकदम वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. एक गॅस दोनेक आठवड्यांत विरतो, दुसरा सहा ते आठ आठवडे राहतो. म्हणून आम्ही पेशंटच्या मनगटावर पट्टी बांधतो, तीवर लिहिलेलं असतं. ती काढायची नाही.

आणि आपल्या भागासाठी खास: मुंबई समुद्राच्या पातळीला. घरी परतताना गाडीने आलात तरी दीड-दोन हजार फूट चढूनच यावं लागतं. विमानाइतका फरक नाही, पण बुडबुडा मोठा असेल तर डॉक्टर त्यालाही थांबवतात. म्हणून कोणता गॅस, किती दिवस, घाट कधी चढायचा, हे तिन्ही प्रश्न लिहून घेऊन ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनच्या आधी विमानाने जाणं बहुतेकांना चालतं, तेही त्यांनाच विचारून.

शिवाय बरेच दिवस पालथं झोपायला सांगतात, चेहरा खाली. तशी जागा जिथे मिळेल तिथे राहायची सोय बघा.

सेलूची_लेक | मंगळवार, रात्री १०:४८

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. हात थरथरतायत. उद्या सकाळी फोन करते.

पैठणची_किनार | मंगळवार, रात्री १०:५५

ताई, घाबरू नका, वेळेत कळलं. संपादकांना विनंती, नेत्रसेविका यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावता येईल का?

सरकी | मंगळवार, रात्री ११:०२

मी आईंना समृद्धीने आणा म्हणत होतो. तोही घाटच झाला. ताई, डॉक्टर म्हणतील तेव्हा परतीला माझी गाडी घेऊन येतो, पेट्रोलसुद्धा मागणार नाही.

सेलूची_लेक | बुधवार, दुपारी १२:१०

बोलले डॉक्टरांशी. गॅस घालायची शक्यता जास्त आहे म्हणाले. जाताना विमान चालेल, परतीचं आम्ही सांगू. म्हणून चिकलठाण्याहून एकतर्फी तिकीट काढलं, चाकाची खुर्ची नोंदवली. मुलुंडला मावसबहीण आहे. "महिना राहा, दोन महिने राहा, पलंगाला गादी जोडून घेते," म्हणाली.

सरकीदादा, तुमचा शब्द लक्षात ठेवते.

सेलूची_लेक | अकरा दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ५:३०

मास्तरांसाठी आणि वाराकाकांसाठी घड्याळ लावून टिपून ठेवलं होतं, आज लिहायला वेळ मिळाला.

विमान हललं ते शून्य धरलं. ९ मिनिटांनी जमीन सुटली. ५३ व्या मिनिटाला मुंबईत चाकं टेकली. १ तास ७ मिनिटांनी थांबलं. म्हणजे हवेत ४४ मिनिटं. सेलूच्या उंबऱ्यापासून मुलुंडच्या दारापर्यंत ७ तास २० मिनिटं.

आईने खिडकी मागून घेतली. चांगल्या डोळ्याने बघत होती. ढग आल्यावर म्हणाली, कापूस वेचायला कुणीच नाही का.

नेत्रसेविका | रविवार, संध्याकाळी ५:४४

आई कशा आहेत? गॅस घातला का?

सेलूची_लेक | रविवार, संध्याकाळी ६:०२

घातला. लांब टिकणारा. मनगटाला हिरवी पट्टी आहे. सहा आठवड्यांनी तपासून घाटाचं सांगणार आहेत. आत्ता पालथी झोपलीय, उशीखाली छोटा रेडिओ लावून.